मोहोळाचे मेण आणि टाचेच्या भेगा

तुमच्या आजीचा कुंकवाचा करंडा आठवतो का? त्या करंड्यात मेणाची एक लहान डबी असे. आजी आधी बोटाने कपाळावर मेण लावी. मग त्यावर कोरडे कुंकू लावी. दिवसभर ती शेतात राबली, घाम आला, तरी कुंकू जागचे हलत नसे.

ते मेण मधमाशीचे. आज करंडे गेले, टिकल्या आल्या. पण मेण अजून फार कामाचे आहे. चांभारदादा शिवायचा दोरा मेणातून ओढतात. पितळेची मूर्ती घडवणारे ओतारी आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर माती लिंपतात, मग आतले मेण वितळवून त्या जागी पितळ ओततात. आणि आपल्या घरात, आपल्या पायांसाठी, याच मेणाचे चांगले मलम होते. ते कसे करायचे ते आज पाहू.

माशी हे मेण कोठून आणते? पुष्कळ लोकांना वाटते, फुलातून आणते. तसे नाही. फुलातून ती रस आणि पराग आणते. मेण तिच्या अंगातून निघते. कामकरी माशीच्या पोटाखाली मेणाच्या आठ गाठी असतात. त्यांतून मेणाचे पातळ पापुद्रे बाहेर येतात. ते ती तोंडाने चावून मऊ करते आणि त्यांची सहा कोनांची घरे बांधते. एक किलो मेण करायला माश्या सहा ते आठ किलो मध खातात, असा मधमाशा पाळणाऱ्यांचा हिशेब आहे. आता सांगा, मध पिळून घेतल्यावर उरलेला चोथा आपण उकिरड्यावर टाकतो, तेव्हा केवढा माल टाकतो!

एक गोष्ट आधीच सांगतो. मेणासाठी किंवा मधासाठी मोहोळ जाळू नका. टेंभा लावला की हजारो माश्या मरतात, आणि अंडी, अळ्या सगळ्या जळतात. पुढच्या वर्षी त्या झाडावर मोहोळ कुठून येणार? मोहोळाला मधाचा भाग वेगळा असतो आणि पिलांचा भाग वेगळा असतो. जाणता माणूस थोडा धूर देतो, फक्त मधाचा भाग कापतो आणि पिलांचा भाग तसाच ठेवतो. सातेरी माशी तर पेटीतही राहते. तिची पेटी परसात ठेवता येते. महाबळेश्वराच्या बाजूला हा धंदा जुना आहे. तिथल्या मांघर गावाला २०२२ साली ‘मधाचे गाव’ असे नाव मिळाले. पुण्यात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मधमाशांची संस्था १९६२ साली निघाली. तिथे हे काम शिकवतात. आग्या माशी मात्र पेटीत राहत नाही. तिच्या वाटेला नवख्याने जाऊ नये.

आता मेण काढायचे.

पिळलेला चोथा कोमट पाण्यात धुवा. त्यातला उरलेला मध पाण्यात उतरेल. ते गोड पाणी मोठ्यांनी प्यावे, तान्ह्या बाळाला देऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवण्याची रीत आपल्याकडे घरोघर आहे, पण मधातल्या एका जंतूने अशा बाळाला कधी कधी मोठा आजार होतो. म्हणून डॉक्टर आता नको म्हणतात. असो.

धुतलेला चोथा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधा. पुरचुंडी घट्ट बांधा. स्टीलच्या पातेल्यात पाणी घ्या, त्यात ती बुडवा आणि वर एक स्वच्छ धोंडा ठेवा, म्हणजे ती तरंगणार नाही. लोखंडाचे किंवा तांब्याचे भांडे घेऊ नका, मेणाचा रंग बिघडतो. पाणी पावसाचे असेल तर फार उत्तम. विहिरीचे जड पाणी असेल तर मेणाचा काही भाग लापशीसारखा होतो.

मग मंद जाळ करा. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. पाणी १०० अंशांना उकळते. म्हणजे पाणी उकळायची गरजच नाही. पाण्यातून वाफा निघू लागल्या, बोट घालवेना, की पुरे. वितळलेले मेण फडक्यातून पाझरून वर येते, कारण ते पाण्याहून हलके असते. कचरा, मेलेल्या माश्या, जुनी साले फडक्यातच राहतात. पुरचुंडी लाकडी पळीने दाबत राहा. शेवटी ती चिमट्याने उचलून दोन काठ्यांमध्ये पिळून घ्या. हाताने पिळू नका. गरम मेण कातडीला चिकटते आणि भाजते.

पातेले उतरवा, झाका, वर गोणपाट टाका आणि रात्रभर तसेच ठेवा. सकाळी पाहाल तर पाण्यावर मेणाची पिवळी भाकरी तरंगत असेल. तिच्या बुडाला काळा गाळ चिकटलेला असतो. तो सुरीने खरवडून काढा. मेण अजून मळकट वाटले तर स्वच्छ पाण्यात पुन्हा एकदा हेच करा. नव्या पांढऱ्या पोळ्याचे मेण जास्त निघते. जुन्या काळ्या पोळ्याचे फारच थोडे निघते, तेव्हा हिरमुसू नका. उरलेला चोथा खताच्या खड्ड्यात टाका.

आता एक चूक सांगतो. ती मी स्वतः केली आहे. पहिल्या वेळी घाई होती. मी मेणाचा गोळा कोरड्या कढईत टाकला आणि कढई थेट चुलीवर ठेवली. मेण वितळले, मग धुरावले, आणि पाहता पाहता कढईत भडका उडाला. मी तांब्या उचलला. शेजारच्या काकू ओरडल्या, “अरे बाबा, पाणी नको टाकूस!” आणि त्यांनी कढईवर ताट झाकले. आग विझली. त्या नसत्या तर छप्पर गेले असते. जळत्या तेलावर किंवा मेणावर पाणी टाकले तर पाण्याची एकदम वाफ होते आणि जळते मेण चोहीकडे उडते. म्हणून मेण नेहमी पाण्यात, नाहीतर पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवावे. जवळ ताट झाकायला ठेवावे. पोरांना चुलीपासून लांब ठेवावे.

मलमाला मेण कमी लागते, तेल जास्त. वितळलेले मेण एक पळी असेल तर तेल चार पळ्या. तेल खोबरेल घ्या किंवा तिळाचे घ्या. पातेल्यात थोडे पाणी तापत ठेवा. त्यात एक कोरडी वाटी ठेवा. वाटीत मेण आणि तेल घाला. मेण विरघळले की ढवळून उतरवा. वाटीत पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका, नाहीतर मलमाला बुरशी येते.

मलम जमले का ते कसे ओळखायचे? थंड ताटलीवर एक थेंब टाका. तो गोठला की बोटाने चेपा. फार घट्ट वाटला तर थोडे तेल घाला. वाहायला लागला तर थोडे मेण घाला. उन्हाळ्यात मेण जरा जास्त हवे, थंडीत तेल जास्त हवे. कोकणात भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, घरी असते. ते मुळातच गोठलेले असते. ते वापरले तर मेण निम्मेच पुरे.

हा उन्हाळा-हिवाळ्याचा हिशेब फक्त आपलाच नाही. लांब महासागरात हवाई नावाची बेटे आहेत. तिथले लोक पूर्वीपासून लांब फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटेवरून घसरत येतात. आता हा खेळ कर्नाटकाच्या किनाऱ्यावर मुल्कीलाही चालतो. ओल्या फळीवर पाय सटकू नये म्हणून खेळणारे फळीला मेण चोळतात. कोणी कोणी ते घरीच करतात, मधमाशीचे मेण आणि खोबरेल घेऊन. समुद्र उबदार असेल तर मेण कडक करतात, थंड असेल तर मऊ. आजीच्या कपाळावर कुंकू टिकवणारे मेण त्यांच्या फळीवर पाय टिकवते. आहे की नाही गंमत!

आता टाचेकडे येऊ. टाचेला भेगा का पडतात? अनवाणी चालून तिथली कातडी जाड होते. थंडीत ती सुकते. सुकलेली कातडी ताणत नाही. वरून अंगाचा भार आला की ती तडकते, जशी सुकलेल्या तळ्याची माती तडकते. मलमात पाणी नसते. ते कातडीतले पाणी आत कोंडून ठेवते, इतकेच. म्हणून आधी कातडी भिजली पाहिजे. रात्री काम आटोपल्यावर पाय कोमट पाण्यात पंधरा मिनिटे बुडवा. वजरीने हलकेच घासा, रक्त येईपर्यंत नव्हे. पाय टिपून घ्या आणि कातडी ओलसर असतानाच मलम चोळा. वर सुती फडके बांधा किंवा पायमोजे घाला. एका रात्रीत गुण येत नाही. रोज नेमाने करावे लागते. पहिल्यांदा लावताना हाताच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस वाट पाहा. खाज सुटली किंवा चट्टा उठला तर हे मलम तुमच्यासाठी नाही.

काही लोक गरम मेण थेट भेगेत ओततात. तसे कधी करू नका. भेगेवर जखम वाढते. चुना, शेण, राख हेही भेगेत भरू नका. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. भेगेतून रक्त येत असेल तर दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या सुईबद्दल विचारा. पू झाला, पाय लाल होऊन सुजला, ताप आला, तर मलमावर वेळ घालवू नका.

आणि ज्यांना साखरेचा आजार आहे, मधुमेह म्हणतात तो, त्यांनी फार जपावे. त्यांच्या पायाला पुष्कळदा दुखणे कळत नाही. पाणी कढत आहे हेही कळत नाही. पाण्यात आधी घरातल्या दुसऱ्या माणसाने हात घालून पाहावे. भेग ब्लेडने कापू नये. लहानशी भेग दिसली तरी डॉक्टरांना दाखवावी. अशा भेगेवरून पाय गमावलेली माणसे आहेत.

मलम कोरड्या डबीत भरा. झाकण घट्ट लावा. तेलाला खवट वास येईपर्यंत ते चांगले राहते, म्हणजे काही महिने. उरलेली मेणाची भाकरी कागदात गुंडाळून ठेवा. ती वर्षानुवर्षे टिकते. विकायची असेल तर गिऱ्हाईक ती मोडून पाहील, कारण बाजारात मेणबत्तीचे पांढरे मेण मिसळलेला माल फार असतो. माशीचे मेण मोडले की आत दाणेदार दिसते आणि मधाचा वास येतो. हाताच्या उबेने ते मऊ होते. मेणबत्तीचे मेण बुळबुळीत लागते.

लावणीच्या दिवसांत मात्र ही डबी फडताळातच राहू द्या. चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यात जे पांढरे कुजते आणि खाजते, त्या चिखल्या. त्या बहुतेक बुरशीने होतात. बुरशीला ओल आवडते आणि मलम तर ओल कोंडून ठेवते. तिथे मेण लावले तर दुखणे वाढेल. चिखल्यांना पाय धुऊन, बेचके कोरडे पुसून ठेवणे हा पहिला इलाज. त्याने भागले नाही तर दवाखान्यातून बुरशीचे औषध आणावे.