लमुएल राजा कोण? त्याच्या आईला विचारा!

बायबलच्या जुन्या करारात ‘नीतिसूत्रे’ नावाचं पुस्तक आहे. एकूण ३१ अध्याय, त्यातले बरेचसे शलमोन राजाच्या नावावर. शेवटच्या अध्यायात मात्र भलताच राजा भेटतो, लमुएल. इस्राएल आणि यहूदाच्या राजांच्या यादीत हा कुठेच नाही. त्याची राजधानी, लढाई, बापाचं नाव, कशाचाच पत्ता नाही. आहे ती फक्त आई! आणि ती लेकाला स्पष्ट सुनावते : दारूपासून लांब राहा, बायकांच्या नादी लागू नकोस, ज्याला तोंड नाही त्याच्यासाठी तू बोल.

मग हा कोण? ज्यू परंपरेचं उत्तर झकास आहे : हा शलमोनच! फारोच्या मुलीशी लग्न झालं त्या रात्री स्वारी अशी झोपली, की दिवस वर आला तरी जाग नाही. मंदिराच्या किल्ल्या उशाखाली, त्यामुळे सकाळची अर्पणं खोळंबली. शेवटी आई बथशेबा आली आणि तिनं जी खरडपट्टी काढली, तीच ही वचनं.

अभ्यासकांचा रोख दुसरीकडे आहे. पहिल्याच ओळीत ‘मस्सा’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ देववाणी होतो, पण इश्माएलच्या एका मुलाचंही नाव मस्साच, आणि अश्शूरी लेखांत उत्तर अरबस्तानातल्या याच नावाच्या टोळीचा उल्लेख सापडतो. शिवाय ही आई ‘मुला’ म्हणताना हिब्रूतला ‘बेन’ नव्हे, तर अरामी ‘बार’ वापरते, तोही लागोपाठ तीनदा. मला हे पारडं जड वाटतं. लमुएल परमुलखातला राजा असणार. म्हणजे एका परक्या बाईचा उपदेश ज्यूंनी आपल्या पवित्र ग्रंथात मानानं जपला!

त्याच अध्यायातल्या पुढच्या २२ ओळी कर्तबगार गृहिणीचं कौतुक करतात. हिब्रूची अक्षरं २२, आणि प्रत्येक ओळ क्रमानं पुढच्या अक्षरानं सुरू होते. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या जेवणाआधी ज्यू घरांत ती गायची रीत आहे.

हा मजकूर थेट हिब्रूवरून मराठीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई होत्या. केडगावला राहून त्यांनी अख्खं बायबल मूळ भाषांवरून उतरवलं. ते छापून आलं १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर. आणि रमाबाईंना संस्कृत शिकवलं कुणी? त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी.

लमुएलसारखा धूसर राजा आपल्या वाट्यालाही आलाय : आभीर राजा ईश्वरसेन. अहिराणी बोलीचं नाव ज्या अहिरांवरून आलं असं मानतात, ते हेच आभीर. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याच्या राज्याच्या ९व्या वर्षाचा लेख आहे. तिथं तो ‘माढरीपुत्र’, म्हणजे माढरीचा मुलगा. बाप शिवदत्त, पण त्याच्या नावाला ‘राजा’ ही पदवी नाही! मग मुलगा गादीवर आला कसा? इ.स. २४८-४९ पासून मोजला जाणारा कलचुरी-चेदी संवत ईश्वरसेनानंच सुरू केला, असं इतिहासकार वा. वि. मिराशी यांचं मत.

लेखाचा विषय तर आणखी सुंदर. विष्णुदत्ता नावाच्या शक बाईनं आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कार्षापण नावाची नाणी ठेव म्हणून ठेवली. कुठे? कुंभारांच्या, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांच्या आणि तेल्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे. मुद्दल तसंच ठेवायचं, व्याजातून औषधं आणायची. हा राजा आपल्याला ओळखीचा आहे तो मुख्यतः या बाईच्या दानामुळे!

त्याच लेण्यांत गौतमी बलश्रीचाही लेख आहे. मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, गेल्यावर, नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षी, या आजीनं लेकाचे पराक्रम दगडात कोरून घेतले.

भुसावळकडून रेल्वेनं नाशिकला गेलात, तर पांडवलेण्यांच्या पायऱ्या जरूर चढा. लेणी बघून लगेच उतरू नका. ईश्वरसेनाचा लेख कुठला ते विचारा आणि मुलांनाही दाखवा.