स्मार्ट बल्ब आणि भिंतीवरचे बटण

मुलांनो, भिंतीवरचे बटण दाबले, की दिवा लागतो. हे तुम्हांला ठाऊकच आहे. आता बाजारात स्मार्ट बल्ब मिळतात. ते मोबाइलवरूनही लावता येतात. हे कसे होते?

स्मार्ट बल्बच्या आत एक छोटे रेडिओ-यंत्र असते. मोबाइलवरून निघालेला संदेश या यंत्राला मिळतो. त्यासाठी बल्बला सतत वीज लागते. भिंतीवरचे बटण बंद केले, की वीज तुटते. मग संदेश बल्बपर्यंत पोहोचत नाही. म्हणून हे बटण चालूच ठेवतात. दिवा विझलेला असतानाही बल्ब साधारण अर्धा वॅट वीज घेतो. महिनाभरात ती अर्धा युनिटही होत नाही.

पण रात्री आजी उठली आणि तिच्याकडे मोबाइल नसला तर? तिने बटण बंद करून पुन्हा चालू करावे. बहुतेक स्मार्ट बल्ब लगेच लागतात. ही युक्ती घरात सर्वांना सांगा.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. मोबाइलवरून दिवा विझवला, तरी होल्डरमध्ये २३० व्होल्टची वीज असतेच. तिचा धक्का जिवावर बेतू शकतो. म्हणून बल्ब बदलण्यापूर्वी भिंतीवरचे बटण आणि मेन स्विच दोन्ही बंद करावेत. हे काम मोठ्या माणसांनाच करू द्या.