डहाणू-तलासरीत जेवावे कोठे?

मे महिना अथवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्याकडे एका ठराविक प्रश्नाचे दूरध्वनी येऊ लागतात. पुण्या-नाशिकचे, मुंबईचे वैद्यमित्र सहकुटुंब बोर्डीच्या किनाऱ्यावर दोन दिवस घालवण्यासाठी येणार असतात आणि विचारतात, "तिकडे जेवायला चांगले कोठे मिळते?" २०१३ साली मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागली, तेव्हापासून शनिवार-रविवारचा हा ओघ वाढला आहे. सुरूच्या बनात गाड्यांची गर्दी होते आणि रविवारी दुपारनंतर अजीर्ण, छर्दी व अतिसाराचे पाहुणे रुग्ण आमच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढू लागतात.

या प्रश्नाला आम्ही अनेक वर्षे दोनच उत्तरे देत असू. रुग्णाने विचारले तर "बाहेरचे खाऊ नका", आणि स्नेह्याने विचारले तर गावातील सर्वांत महागड्या भोजनगृहाचे नाव. पहिले उत्तर निरुपयोगी आहे, कारण दोन दिवस परगावी आलेला मनुष्य बाहेरचे खाणार नाही तर काय खाणार? दुसरे उत्तर किती चुकीचे होते, हे आम्हांस जुलै २०१८ मध्ये कळले.

आमचे एक सहाध्यायी वैद्य पुण्याहून पत्नी व मातोश्रींसह आले होते. मातोश्री, ज्यांना आम्ही विद्यार्थिदशेपासून काकू म्हणतो, मूळच्या अलिबागकडच्या. तेव्हा वय बहात्तर, जुना मधुमेह, अग्नी मंद. आदरातिथ्यात उणे राहू नये म्हणून आम्ही सर्वांना किनाऱ्याजवळच्या एका वातानुकूलित भोजनगृहात नेले. मऊ खुर्च्या, मंद दिवे, भिंतीवर वारली चित्रे आणि सहा पानांचे मेनूकार्ड. त्यात पंजाबी, चिनी, मोगलाई व समुद्रातील सर्व जलचर. आम्ही पापलेट मागवले. काकू पहिला घास घेऊन क्षणभर थांबल्या. "तिखट आहे का?" असे आम्ही विचारले. "नाही, छान आहे," असे म्हणून त्यांनी पानातील सर्व संपवले. वर डहाणूची खासियत म्हणून आम्ही आग्रहाने चिकूचा मिल्कशेक पाजला.

मध्यरात्री छर्दी व अतिसार सुरू झाला. मधुमेहाची गोळी घेतलेली आणि पोटात काहीच टिकत नाही, त्यामुळे पहाटे रक्तशर्करा घसरली. रुग्णालयात हलवून सलाईन लावावे लागले. ती रात्र आठवली की आजही आम्हांस घाम फुटतो. तिसऱ्या दिवशी लाजामंड घोट घोट घेत काकू म्हणाल्या, "पहिल्याच घासाला कळलं होतं रे, मासा जुना आहे. पण तू एवढ्या कौतुकाने आणलंस, नाही कसं म्हणायचं? आमच्याकडे आषाढात कोणी पापलेट मागत नाही."

एका नाडीपरीक्षेसाठी रुग्णाला वीस प्रश्न विचारणाऱ्या आम्ही वाढणाऱ्यास एकही प्रश्न विचारला नव्हता. सबब या लेखात आम्ही नावांची यादी देणार नाही. नावे बदलतात, आचारी बदलतात. कोठे गेल्यावर काय पाहावे व काय विचारावे, एवढेच लिहितो.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्याच अध्यायात आलेली अष्ट आहारविधिविशेषायतने आपण सर्वांनी परीक्षेसाठी घोकली आहेत. त्यांपैकी प्रकृती, राशी व उपयोक्ता यांचा विचार आपण घरीही करतोच. बाहेर जेवताना आमच्या अनुभवाने खरी परीक्षा होते ती काल, करण म्हणजे संस्कार, आणि संयोग या तिघांची.

प्रथम काल. महाराष्ट्राच्या सागरी जलक्षेत्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण हा माशांच्या प्रजननाचा काळ आहे. पापलेटाला २०२३ साली राज्यमाशाचा मान मिळाला खरा, परंतु जुलैत ताटात येणारे पापलेट बहुधा काही आठवडे बर्फात राहिलेले असते. बर्फातील मासा नीट सांभाळला तर तो वाईटच असतो असे नाही. पण पावसाळ्यात वीज जाते, बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो, आणि ती कथा मसाल्याखाली झाकली जाते. नारळी पौर्णिमेनंतर नौका पूर्ववत समुद्रावर जाऊ लागल्या की धाकटी डहाणू वा चिंचणीच्या किनाऱ्यावर जाऊन पाहावे: कल्ले लाल, डोळा चकचकीत, बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर येणारे. ज्या भोजनगृहात "आज काय आले आहे?" या प्रश्नावर वाढणारा आत जाऊन विचारून येतो आणि "आज फक्त मांदेली आणि बोंबील" असे सांगतो, तेथे निःशंक बसावे. जेथे बाराही महिने सर्व काही मिळते, तेथून उठावे. बंदीच्या काळात येथील मांगेला व वारली घरांत सुकट व सुके बोंबील शिजतात, तेच त्या ऋतूचे अन्न होय. मात्र खारवलेली मासळी रक्तदाबाच्या रुग्णास देऊ नये. लवणाच्या अतियोगाबद्दल चरकाचार्यांनी त्याच अध्यायात दिलेला इशारा येथे लागू पडतो. दुधाबरोबरही मीठ खाणाऱ्या सौराष्ट्रादी प्रदेशांतील लोकांचे उदाहरण त्यांनी दिले आहे, आणि आमच्या तालुक्याची सीमा तर गुजरातला लागूनच आहे!

आता संयोग. मासे व दूध हे विरुद्धाहाराचे उदाहरण प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पण डहाणूत तो संयोग इतक्या गोड रूपाने समोर येतो की आम्हीच फसलो. घोलवड परिसरातील चिकू प्रसिद्ध आहे आणि त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. साहजिकच प्रत्येक भोजनगृहात माशाच्या थाळीनंतर चिकूचा मिल्कशेक अथवा आइस्क्रीम पुढे केले जाते. काकूंच्या आजाराचे मूळ शिळा मासाच होता, यात आम्हांस शंका नाही. सगळा दोष दुधावर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तथापि मंदाग्नी असलेल्या वृद्धेला तळलेल्या माशावर थंडगार, गुरू, गोड दूध पाजणे आणि तेही मधुमेह असताना, यास वैद्याने काय म्हणावे? चिकू हे मूळचे मध्य अमेरिकेतील फळ असल्याने संहितांत त्याचे गुणकर्म सापडत नाही. रसाने मधुर व किंचित कषाय, गुणाने गुरू असे आम्ही मानतो. पाहुण्यांना आम्ही आता सांगतो की चिकू दुपारी चारच्या सुमारास, बागेतच, नुसता खावा. मधुमेह्याने अर्ध्यावर थांबावे.

चिकूच्या बागांचा विषय निघाला म्हणून पारशी-इराणी घरांबद्दल सांगितले पाहिजे. येथून जवळच्या संजाण बंदरात पारशांचे पूर्वज उतरले, आणि पुढे संकटकाळी त्यांचा पवित्र अग्नी आमच्याच बहारोट डोंगरावरील गुंफांत काही वर्षे सुरक्षित ठेवला गेला, अशी परंपरा आहे. या समाजातील काही बागाईतदार आज पाहुण्यांची सोय करतात. तेथील जेवण स्वस्त नसते, पण बहुधा आदल्या दिवशी सांगावे लागते. ही अडचण नव्हे, ही त्या स्वयंपाकघराची सर्वांत चांगली बाजू आहे; जे अन्न मागणीनुसार शिजते ते शिळे उरत नाही. 'पात्रा नी मच्छी' हा पदार्थ तर आम्ही संस्काराचे उत्तम उदाहरण म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो: मासा, हिरवी चटणी आणि केळीचे पान, तळणे नाही, केवळ वाफेचे स्वेदन. तोच मासा तेलात तळला की गुरू व विदाही होतो. धनसाक मात्र डाळी, भाज्या व मांस यांचा गुरू पदार्थ आहे. पारशी घरांत तो रविवारी दुपारी खातात व नंतर झोपतात, असे विनोदाने सांगतात. ज्यास त्या दिवशी गाडी चालवत मुंबईस परतायचे आहे, त्याने धनसाकाच्या वाटेस जाऊ नये.

महामार्गावरील प्रकार निराळा. चारोटी, महालक्ष्मी, दापचरी, तलासरी आणि सीमेवरील अच्छाड असा हा मुंबई-अहमदाबाद मार्ग, क्रमांक ४८, पूर्वीचा ८. गुजरातेत दारूबंदी असल्याने सीमेच्या अलीकडे परमिट रूमच्या पाट्या दाट होतात; त्याविषयी मदात्यय प्रकरण वाचलेल्या वाचकांस आम्ही अधिक काय सांगावे! ढाब्यांबाबत एक लोकसमज असा की जेथे ट्रक उभे, तेथे जेवण चांगले. तो अर्धा खरा आहे. अन्नाचा उठाव भराभर होतो, म्हणून ते ताजे असते. पण चालक मोकळी जागा आणि पाठ टेकायला खाट हेही पाहतात, केवळ डाळ पाहत नाहीत.

ढाब्याविषयीचे आमचे खरे ज्ञान एका रुग्णाकडून आलेले आहे. तलासरीकडच्या एका पाड्यावरचा वारली तरुण, महामार्गावरील एका ढाब्यावर कामास, अम्लपित्ताने बेजार. रात्री दीडला उरलेली पनीरची भाजी आणि रोटी खाऊन झोपत असे. त्यास पथ्य सांगताना आम्ही म्हणालो, "उरलेली भाजी खाऊ नकोस." तो हसून म्हणाला, "डाक्तर, ती भाजी गिऱ्हाईकाला देतात तीच. लाल, पिवळी, पांढरी अशा तीन ग्रेव्ह्या रविवारी करून ठेवतात, त्या गुरुवारपर्यंत चालतात. डाळ तेवढी रोजची." त्यानंतर आम्ही ढाब्यावर ग्रेव्हीची भाजी मागितलेली नाही. सगळेच ढाबे असे करतात असे आमचे म्हणणे नाही. परंतु काठियावाडी ढाब्यावर बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, कढी-खिचडी हे पदार्थ त्याच वेळी होतात, म्हणून तेच मागावे. कढईकडेही एक दृष्टी टाकावी. तेल काळपट, फेसाळ व धुरकट दिसले तर चहा घेऊन पुढे निघावे. तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक नसावे, असा अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाचा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. पण कढईपाशी मोजमाप घेऊन कोण उभा असतो? त्या तरुणास आम्ही कामावर जाण्यापूर्वी घरी नागलीची भाकरी व भाजी खाऊन निघावयास सांगितले आणि अविपत्तिकर दिले. औषधापेक्षा भाकरीने अधिक काम केले, असा आमचा समज आहे.

चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढे येथे महालक्ष्मीची यात्रा भरते. त्या उन्हात बर्फाचा गोळा व उसाचा रस टाळून डोळ्यांदेखत गरम होणारे काहीही खावे, इतकेच.

स्टेशनजवळच्या साध्या खानावळींची आम्ही पूर्वी उगाच उपेक्षा करीत होतो. दुपारी बारा ते दीड या वेळेत तेथे भात पातेल्यातून थेट पानात येतो, मेनूकार्ड नसते, आणि कारकून, शिक्षक, रेल्वेचे कर्मचारी रोज तेथेच जेवतात. रोजच्या गिऱ्हाईकास आजारी पाडून कोणाची खानावळ चालत नाही. पर्यटक मात्र पुन्हा येतोच असे नाही. दोननंतर तेथेही जाऊ नये.

राहिले वारली अन्न. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि त्यांच्यामुळे ही चित्रकला जगभर गेली. आज येथील प्रत्येक विश्रामगृहाच्या भिंतीवर तारपा नाचतो, पण ताटात पनीर असते. नागली, कुळीथ, तांदळाची भाकरी, पावसाळ्यातील लोत, टाकळा, करटोली, बांबूचे कोंब हे सारे मिळते ते एखाद्या पाड्यावर, आगाऊ सांगून ठेवले तर. दर ठरवताना घासाघीस करू नये, ही आमची विनंती.

गेल्या जूनमध्ये काकू पुन्हा आल्या. आता ऐंशीच्या घरात आहेत. मुलगा नको म्हणत असताना त्या हट्टाने आल्या. या वेळी आम्ही आदल्या दिवशी निरोप पाठवून एका वारली बाईंच्या घरी जेवण सांगितले. पहिल्या पावसाची शेवळे होती. शेवळ सुरणाच्या कुळातील. आतील पिवळसर भाग काढला नाही आणि काकडाची आंबट फळे बरोबर शिजवली नाहीत, तर घसा खाजून हैराण होतो. ही संयोग-संस्काराची जोड कोणत्याही संहितेवाचून त्या घरातील दहा वर्षांची मुलगीही जाणते. काकूंनी जेवण्यापूर्वी स्वतः चुलीपाशी जाऊन पातेल्यात डोकावून पाहिले, बाईंना चार प्रश्न विचारले, मग अर्धी भाकरी आणि दोन चमचे भाजी खाल्ली. परतताना बाजारात त्यांनी शेवळाच्या दोन जुड्या घेतल्या. आम्ही पैसे देऊ लागलो, तर हात मागे सारून म्हणाल्या, "ते राहू दे, आधी काकडं घे. पुण्यात ती कुठे शोधू?"