मालगाडीचा शेवटचा डबा

(नंदुरबार येथे एका निवृत्त मालगाडी गार्डने दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

फाटकावर थांबून मालगाडीचे डबे तुम्ही सगळ्यांनी मोजले असतील. चाळीसच्या पुढे गेलं की हमखास चुकतं. (हशा) डबे मोजून संपले की सगळ्यात शेवटी एक बुटका, खिडक्यांचा डबा येतो आणि त्यात एक माणूस बसलेला दिसतो. तो मी. १९७५ साली लागलो आणि बत्तीस वर्षं त्या डब्यात काढली. तो माणूस तिथे बसून करतो काय, हे आज सांगायचंय.

आधी आपला मार्ग. उधना ते जळगाव, तीनशे सात किलोमीटर. ताप्ती व्हॅली रेल्वे ही किलिक निक्सन कंपनीची. १९०० च्या सुमारास सुरतेकडून अमळनेरपर्यंत रूळ आले आणि तिथे ते जळगावकडून आलेल्या जीआयपीच्या फाट्याला मिळाले. गाड्या चालवायची बीबी अँड सीआय. पुढे १९५१ साली पश्चिम रेल्वे झाली, म्हणून आपण महाराष्ट्रात राहूनही गुजरातच्या लोकांबरोबरच नोकरी केली. नवापूरला तर राज्याची सीमा फलाटातूनच जाते. १९६० ला राज्यं दोन झाली, फलाट एकच राहिला.

मुख्य गोष्ट अशी की हा मार्ग एकेरी होता. आत्ता २०१८ ला दुहेरीकरण पुरं झालं, वरून वीज आली. माझ्या सगळ्या नोकरीत मात्र येणारी आणि जाणारी गाडी एकाच रुळावर. मग समोरासमोर धडक का होत नव्हती? लोक म्हणतात सिग्नल. सिग्नल तर आहेच, पण खरी चावी म्हणजे टोकन.

दोन स्टेशनांच्या मधल्या भागाला आम्ही सेक्शन म्हणायचो. दोन्ही टोकांना एकेक लोखंडी यंत्र, आत लोखंडाचे गोळे, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडे लहान-मोठे समजा. ही दोन यंत्रं तारेने अशी जोडलेली की पलीकडच्या मास्तरने ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय अलीकडचा गोळा बाहेर येत नाही. आणि एक बाहेर आला की दोन्हीकडची यंत्रं बंद. तो गोळा पलीकडच्या यंत्रात पडला, किंवा होता तिथेच परत ठेवला, तरच दुसरा निघणार. गोळा ड्रायव्हरच्या हातात म्हणजे पुढचा रूळ त्याच्या मालकीचा. वेताच्या मोठ्या कड्याला चामड्याची पिशवी, पिशवीत गोळा. न थांबणारी गाडी असेल तर पॉइंट्समन कडं उंच धरून उभा राहायचा, रात्री शेजारी मशाल, आणि फायरमन चालत्या इंजिनावरून वाकून हात कड्यात घालायचा. कोपरापासून दंडापर्यंत काळानिळा झालेला हात बघितला की समजायचं, हा फायरमन आहे.

आता इथे एक भोक आहे बघा. गाडी पुढच्या स्टेशनात आली, ड्रायव्हरने गोळा दिला. मास्तरने तो यंत्रात टाकला की सेक्शन मोकळा झाला. पण अर्धी गाडी तुटून मागे सेक्शनमध्येच राहिली असेल तर? इंजिन आलं म्हणजे गाडी आली असं नाही. म्हणून शेवटच्या डब्याच्या पाठीवर दिवसा ‘एलव्ही’ची पाटी आणि रात्री लाल दिवा. ‘एलव्ही’ म्हणजे शेवटचं वाहन. मास्तरने, सांधेवाल्याने तो डोळ्यांनी बघायचा आणि मगच गाडी ‘पूर्ण आली’ म्हणायचं. पाटी दिसली नाही तर सेक्शन बंदच. शेवटच्या डब्याचं पहिलं काम हे. गाडी कुठे संपते, ते दाखवणं.

दुसरं काम ब्रेकचं. तेव्हा व्हॅक्यूम ब्रेक होते. इंजिनापासून माझ्या डब्यापर्यंत एक नळी, तिच्यातली हवा इंजिन ओढून घेतं. नळी रिकामी, तर ब्रेक मोकळे. हवा आत शिरली, तर ब्रेक लागले. उलटं वाटतं, पण शहाणपण त्यातच आहे. गाडी तुटली की नळी तुटते, हवा आत शिरते, दोन्ही तुकडे आपोआप उभे राहतात. माझ्यासमोर घड्याळासारखा गेज असायचा. काटा पडला की कळायचं, पुढे काहीतरी झालंय. ड्रायव्हरशी बोलायला फोन-बिन काही नाही. शिट्टी, झेंडी, हातदिवा. तीन आखूड शिट्ट्या म्हणजे गार्ड, ब्रेक लाव. लांब-आखूड-लांब-आखूड म्हणजे गाडी तुटली. त्या डब्यात ना पंखा, ना वीज, ना संडास. रॉकेलचे दिवे आणि माझी लाइन बॉक्स. डबा चारचाकी, त्यामुळे गाडी सुटताना डब्यांमधली ढील एकेक करून ताणली जायची आणि शेवटचा झटका मला. चहाचा कप हातात धरून गाडी सुटू द्यायची नाही, हे नवा माणूस पहिल्या आठवड्यात शिकायचा.

पण या व्हॅक्यूमचा एक दोष होता. ब्रेक लागतात, पण कायमचे लागून राहत नाहीत. डब्याखालच्या सिलिंडरमधून हळूहळू गळती होते आणि बऱ्याच वेळाने ते ढिले पडतात. सपाटीवर फरक पडत नाही. चढावर पडतो.

एक रात्र सांगतो. जुलै महिना, सुरतेकडून मिठाचा आणि खताचा लोड. नवापूर सोडलं की नंदुरबारकडे चढ आहे. पाऊस, रूळ ओले, वाळू टाकून टाकून इंजिनाची वाळूपेटी संपली. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. डब्ल्यूजी इंजिन ताकदवान, पण ओल्या रुळाला काय करणार? गाडी उभी. अशा वेळी गाडी दोन भागांत न्यायची. मी ड्रायव्हरला लेखी परवानगी दिली. पुढचा अर्धा भाग घेऊन जा, पुढच्या स्टेशनात ठेव आणि मागच्या भागासाठी परत ये. गोळा त्याने स्वतःजवळच ठेवायचा, मास्तरला द्यायचा नाही. आणि पुढच्या भागाला मागे लाल दिवा लावायचा नाही. मास्तरला दिवा दिसला नाही की त्याला कळतं, गाडी अजून अपुरी आहे.

इंजिन गेलं. मी, पाऊस आणि उतारावर उभे वीसेक डबे. ब्रेक ढिले पडले तर हे सगळं मागे, नवापूरकडे घरंगळणार. इंजिन तोडायच्या आधीच माझ्या डब्याचा हातब्रेक आवळला होता, खालच्या बाजूच्या डब्यांचे हातब्रेक दाबून खिळी घातली होती. मग फटाके घेऊन मागे चालत गेलो. सहाशे मीटरवर एक, बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. रुळावर बांधतात, चाकाखाली फुटतात. कोणी विचारेल, गोळा ड्रायव्हरकडे आहे, मग मागून गाडी येईलच कशी? यायला नकोच. पण नियम लिहिणाऱ्याने माणूस चुकणार हे धरूनच नियम लिहिलाय. मला तो माणूस कोण होता माहीत नाही, पण त्याला मी मानतो.

परत येतोय तोवर गाडीतून कण्हल्यासारखा आवाज आला. ब्रेकचे ठोकळे चाकावरून सुटताना येतो तो. तेवढ्यात पावसाळी गस्तीचा गँगमन कंदील घेऊन आला, तिथल्याच पाड्यावरचा. काय झालं विचारलंच नाही त्याने. दगड आणायला लागला. मी उरलेले हातब्रेक आवळत गेलो, तो चाकांखाली दगड ठोकत गेला. डबे हलले नाहीत. तीन तासांनी इंजिनाची शिट्टी ऐकू आली. तोवर तो गस्तीला पुढे निघून गेला होता. त्याचा बीट त्याला वेळेत पुरा करायचा होता.

मालाबद्दल थोडंसं. तेव्हा एकेक डबा भरून माल जायचा. पिकअप गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबणार, दोन डबे सोडणार, एक जोडणार. दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर. कापसाच्या गाठी, भुईमूग, डाळी आणि आपली मिरची. मिरचीचा डबा शंटिंगला आला की पॉइंट्समनपासून मास्तरपर्यंत सगळे शिंकायचे. उलट दिशेने कोळसा, उकाईच्या वीजकेंद्राकडे. जुन्या डब्यांच्या आसाच्या पेटीत तेलात भिजवलेला सुताचा बोळा असे. तो सुकला की आस तापायचा, मग लाल व्हायचा. वळणावर खिडकीतून डोकं काढून बघायचं आणि वास घ्यायचा. जळक्या तेलाचा वास आला की गाडी थांबवायची, तो डबा काढायचा.

या सगळ्याला वेळ किती लागायचा? दीडशे किलोमीटरला बारा-चौदा तास. प्रवासी गाडीला आधी वाट, आम्ही लूपमध्ये. १९७३ ला लोको रनिंगवाल्यांच्या संपानंतर सरकारने दहा तासांची ड्युटी तत्त्वतः मानली. पुढे मे १९७४ चा मोठा संप, ८ ते २७ मे, जॉर्ज फर्नांडिसांचा. आठ तासांच्या दिवसाची मागणी त्यात होती. मी नंतर लागलो, पण माझे उस्ताद त्यात नोकरीवरून गेले होते. १९७७ ला मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा अशा लोकांना परत घेतलं गेलं. मला वाटतं, त्या संपाकडे आपण फक्त राजकारण म्हणून बघतो. झोप हा त्यातला मोठा मुद्दा होता. चौदाव्या तासाला गेजचा काटा पडलेला माणसाला दिसतो, पण कळत नाही.

प्रश्न आलाय, हे कधी बदललं? ऐंशीच्या दशकापासून. हवेच्या दाबाचे ब्रेक आले, रोलर बेअरिंगचे डबे आले, अठ्ठावन्न डब्यांचा सबंध रेक एकाच मालाचा जायला लागला. सुटा डबा बंद, पिकअप गाडी बंद. मिरची ट्रकने जायला लागली.

दुसरा प्रश्न, आता गार्ड लागतो का? २०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. शेवटच्या डब्याला यंत्र लावून नळीतला दाब इंजिनात कळवता येतो, तसे प्रयोग चालू आहेत. गाडी पूर्ण आहे का, हे यंत्र माणसापेक्षा चांगलं सांगेल. मी त्याच्या विरोधात नाही. फक्त मला एवढं विचारायचं असतं, की चढावर अर्धी गाडी उभी राहिली तर दगड कोण लावणार? त्याचं उत्तर कोणाकडे असेल तर द्या, मी चहा होईपर्यंत इथेच आहे.