पोलिसाची लेखणी आणि अपराधकथेतील वास्तव

अपराधकथेस ‘वास्तववादी’ हे विशेषण लावताना समीक्षक बहुधा तपशिलाच्या अचूकपणाकडे बोट दाखवितात : पंचनामा कसा होतो, संशयितास कसे बोलते करतात, इत्यादी. लेखक स्वतः पोलीस खात्यात नोकरीस असला, तर हा अचूकपणा गृहीतच धरला जातो. परंतु असा तपशील चिकाटीच्या बाहेरच्या लेखकासही मिळविता येतो. इन्स्पेक्टर मेग्रेचा निर्माता झॉर्झ सिमनाँ काही पोलीस नव्हता. तेव्हा पोलिसाच्या लेखनातील वास्तवाचे स्थान अन्यत्र शोधावयास हवे.

जोसेफ वॉम्बॉ (१९३७–२०२५) ह्या अमेरिकन कादंबरीकाराचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १९६० ते १९७४ ह्या काळात तो लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात होता, आणि त्याची पहिली तीन पुस्तके नोकरीत असतानाच प्रसिद्ध झाली. ‘द न्यू सेंच्युरियन्स’ (१९७१) ह्या पहिल्या कादंबरीत उकलावयाचे एकही मध्यवर्ती रहस्य नाही. तीन तरुण १९६० साली दलात भरती होतात आणि १९६५ पर्यंत गस्त घालतात, एवढेच तिचे कथानक. त्यांपैकी सर्ज दुरान हा मेक्सिकन वंशाचा; पण आपल्याला स्पॅनिश समजते हे तो सहकाऱ्यांपासून लपवितो. गुन्ह्याशी ह्या लपवाछपवीचा काडीचाही संबंध नाही, तरीही कादंबरीतील सर्वांत सूक्ष्म चित्रण तेच आहे. पोलीस गुन्ह्याचे काय करतो, ह्यापेक्षा ते काम पोलिसाचे काय करते, हा वॉम्बॉचा खरा विषय होय.

‘द ब्लू नाइट’ (१९७२) मधील वयस्क शिपाई बंपर मॉर्गन निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा आहे. आपल्या टापूतील दुकानदारांकडे तो फुकट जेवतो, आणि आपली अटक न्याय्यच होती ह्या खात्रीपोटी न्यायालयात खोटी साक्षही देतो. सेवेत असलेल्या अधिकाऱ्याने हे लिहावे, ह्याला धैर्य लागते. खात्यातील वरिष्ठांस त्याचे लेखन रुचले नाही, ह्यात नवल ते काय!

तथापि, आतल्या माणसाची दृष्टी म्हणजे संपूर्ण दृष्टी नव्हे. १९६५ च्या ऑगस्टमध्ये वॉट्‌स भागात उसळलेल्या दंगलीत ३४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण फार मोठे होते. पहिल्या कादंबरीचा शेवट ह्याच दंगलीत होतो. तेथे गस्तीवरील पोलिसांची भीती आणि थकवा प्रत्ययास येतो. परंतु त्या वस्तीत राहणाऱ्यांचा संताप कोठून आला, हे मात्र गाडीच्या काचेपलीकडेच राहते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही वॉम्बॉच्या कादंबरीची खरी उणीव आहे.

ती उणीव त्याने भरून काढली ती कादंबरीत नव्हे, तर ‘द अनियन फील्ड’ (१९७३) ह्या सत्यकथेत. १९६३ साली दोघा गुन्हेगारांनी दोन पोलिसांना पळवून कांद्याच्या शेतात नेले व त्यांतील एकास ठार केले. दुसरा निसटला, पण आपले पिस्तूल गुन्हेगारांच्या हाती दिल्याबद्दल खात्याने त्यालाच मनोमन दोषी ठरविले, आणि तो माणूस आतून खचत गेला. त्याची ही कहाणी सांगताना वॉम्बॉ दोन्ही मारेकऱ्यांच्या बालपणापर्यंत मागे जातो, त्यांची तुरुंगातील वर्षे आणि परस्परांवरील अवलंबित्व तितक्याच धीराने मांडतो. कल्पित पात्रांच्या बाबतीत जी मोकळीक त्याने घेतली नाही, ती खऱ्याखुऱ्या खुन्यांच्या बाबतीत घेतली.