मातीची कबुतरे आणि कोवळे खांदे : परवडणारी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन कशी निवडावी?

बालरोगतज्ज्ञाने बंदुकीविषयी लिहावे, हे पुष्कळ वाचकांना विचित्र वाटेल. परंतु हा विषय आता आपल्या घरांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन ठेपला आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी कुटुंबांतील अनेक मुले-मुली शिक्षणासाठी अमेरिकेस गेली, तेथेच त्यांनी संसार थाटले, आणि त्यांची मुले आज तेथील शाळांत आठवी-नववीत शिकत आहेत. तेथील कित्येक शाळांचा मातीच्या कबुतरांवर नेम धरणारा संघ असतो. मिनेसोटा राज्यात उगम पावलेली ही शालेय स्पर्धा आज अनेक राज्यांत पसरली आहे. मग एखाद्या दिवशी येथील आजोबांचा फोन येतो : "डॉक्टरसाहेब, नातू बंदूक मागतो आहे. जावई म्हणतात, स्वस्तातली सेमी-ऑटोमॅटिक घेऊ. हे योग्य आहे का?" या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' इतके सोपे नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. एकोणिसाव्या शतकात पिंजऱ्यातून जिवंत कबुतरे सोडून त्यांवर नेम धरण्याची प्रथा होती. १८८० साली अमेरिकेतील सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी मातीची चकती काढली आणि पक्ष्यांची सुटका झाली. नाव मात्र कबुतराचेच राहिले. आजची चकती मातीची नसून चुनखडीची भुकटी व डांबरासारखा राळेचा पदार्थ यांची असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील चकतीचा व्यास ११० मिलिमीटर आणि वजन १०५ ग्रॅम असते. नेमबाजाने 'पुल' असा पुकारा केला की यंत्र ती हवेत फेकते आणि छर्‍यांच्या झोताने ती फोडायची. 'ट्रॅप' प्रकारात चकती नेमबाजापासून दूर जाते. 'स्कीट' प्रकारात ती दोन बाजूंच्या दोन घरांतून त्याच्या समोरून आडवी जाते. ट्रॅपचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश १९०० साली झाला, स्कीटचा १९६८ साली.

भारतालाही हा खेळ नवा नाही. बिकानेरचे महाराजा करणीसिंह यांनी १९६२ च्या कैरो येथील जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळविले होते. राज्यवर्धनसिंह राठोड यांचे २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधील 'डबल ट्रॅप'चे रौप्यपदक तर सर्वांच्याच स्मरणात आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कीटच्या मिश्र सांघिक प्रकारात माहेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंह नारुका यांचे कांस्यपदक अवघ्या एका गुणाने हुकले. म्हणजे खेळ प्रतिष्ठित आहे, एकाग्रता वाढविणारा आहे, आणि मुलींना मुलांच्या बरोबरीने खेळता येणारा आहे. प्रश्न खेळाचा नाही. साधनाचा आणि ते हाताळणाऱ्या वयाचा आहे.

'सेमी-ऑटोमॅटिक' या शब्दाने अनेकांच्या डोळ्यांपुढे धडाधड गोळ्या झाडणारे यंत्र उभे राहते. तसे नाही. चाप एकदा ओढला की एकच बार उडतो. फक्त रिकामे काडतूस बाहेर फेकून दुसरे नळीत भरण्याचे काम बंदूक आपण होऊन करते. हे काम करण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिलीत नळीला असलेल्या बारीक छिद्रांतून थोडा तप्त वायू घेऊन त्याने दट्ट्या ढकलला जातो. दुसरीत बंदूक मागे सरकते तेव्हा आतला जड भाग क्षणभर जागीच राहतो, त्यामुळे एक स्प्रिंग दाबली जाते आणि तीच पुढचे काम करते. वायूवर चालणारी बंदूक खांद्याला मऊ लागते, पण आत काजळी साचते व वेळोवेळी साफ करावी लागते. जडत्वावर चालणारी बंदूक हलकी व स्वच्छ राहते, पण धक्का अधिक देते. शिवाय काही बंदुका सौम्य काडतुसांवर अडखळतात.

येथे आपल्या वैद्यकीय दृष्टीचा पहिला मुद्दा येतो : धक्का. वायूवरील बंदूक धक्क्याचा एकूण आवेग नाहीसा करीत नाही, तो अधिक वेळात वाटून देते. क्रिकेटमध्ये वेगाने आलेला चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, तोच न्याय. चेंडूचा आवेग तोच, तळहाताला लागते कमी. वाढत्या वयातील मुलाच्या खांद्याला हा फरक चांगलाच जाणवतो. वारंवार बसणाऱ्या धक्क्याने खांदा निळा पडतो. क्वचित कोराकॉइडच्या हाडाला ताणाने चीर गेल्याचेही ट्रॅप नेमबाजांच्या बाबतीत वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहे. परंतु त्याहून नित्याचा परिणाम मनावर होतो. धक्का बसणार या भीतीने मूल बार उडण्याआधीच डोळे मिटते आणि अंग चोरते. ही खोड एकदा जडली की ती सुटायला फार काळ लागतो.

धक्का कमी करण्याचे उपाय सोपे आहेत आणि बहुतेक फुकटचे आहेत. बंदूक आणि छर्‍यांचा वेग तोच ठेवून काडतुसातील छर्‍यांचे वजन २८ ग्रॅमवरून २४ ग्रॅमवर आणले, तर धक्क्याची ऊर्जा जवळजवळ एक-चतुर्थांशाने घटते. ऑलिंपिकच्या नियमांतही २४ ग्रॅमहून अधिक छर्‍यांना परवानगी नाही. तेव्हा हलक्या काडतुसाने नेम लागत नाही, हा समज निराधार आहे. उलट बंदूक फार हलकी घेतली तर धक्का वाढतो. अडीच-पावणेतीन किलोची देखणी बंदूक दुकानात हाती घेताना सुखद वाटते, पण मैदानावर पंचविसाव्या बाराला तीच छळते. म्हणून मुलाला पेलेल अशा वजनांपैकी जड बंदूक निवडावी. चणीने लहान मुलासाठी बारा बोअरऐवजी वीस बोअरची, वायूवर चालणारी बंदूक बहुधा उत्तम ठरते.

मात्र घरात किंवा मैदानाच्या पिशवीत बारा आणि वीस बोअरची काडतुसे कधीही एकत्र ठेवू नयेत. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकून बसते. मागून बारा बोअरचे भरून बार केला तर नळी फुटते. याच कारणाने अमेरिकेत वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात आहे.

दुसरा मुद्दा मापाचा. शॉटगनला मागचा 'साइट' नसतो. नेमबाजाचा डोळाच ते काम करतो. म्हणून गाल दस्त्यावर नेमक्या जागी टेकला पाहिजे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर प्रौढांसाठी साधारण चौदा इंच असते. तेरा वर्षांच्या मुलाला ते बहुधा जास्त होते. लांब दस्ता काखेत अडकतो, मूल पाठ मागे झुकवून उभे राहते आणि सारा तोल बिघडतो. बंदूक खांद्याला लावल्यावर नाक आणि चापाच्या हाताचा अंगठा यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहावे, ही सोपी खूण. अनेक परवडणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांत दस्त्याच्या मुळाशी घालावयाच्या पातळ पट्ट्या मिळतात; त्यांनी दस्त्याची उंची व बाजूचा कल बदलता येतो. काहींना आखूड आणि लांब असे दोन दस्तेही बसतात. शाळेचा गणवेश जसा वाढत्या अंगाचा शिवतात, तशी ही सोय पाहून घ्यावी.

मापाबरोबरच कोणता डोळा प्रबळ आहे, हेही तपासावे. हात उजवा पण डोळा डावा प्रबळ, अशी मुले पुष्कळ असतात. दूरच्या वस्तूकडे दोन्ही तळव्यांच्या मधल्या छोट्या झरोक्यातून पाहायला सांगून एकेक डोळा झाकला की मिनिटभरात कळते. अशा मुलाने कोणत्या खांद्याने नेम धरावा, हे प्रशिक्षकाने ठरविल्याशिवाय बंदूक विकत घेऊ नये. डावखुऱ्यांसाठी वेगळी बंदूक मिळते. उजवीतून बाहेर पडणारी रिकामी काडतुसे डावखुऱ्याच्या चेहऱ्यासमोरून जातात.

आता किमतीकडे वळू. स्पर्धेला योग्य अशी खाली-वर नळ्यांची नवी दुनळी अमेरिकेत सहसा दोन हजार डॉलरच्या पुढे जाते. तुर्कस्तानात घडलेल्या, जडत्वावर चालणाऱ्या बंदुका पाचशे ते सातशे डॉलरांच्या आसपास मिळतात. स्टोगर एम-३००० ही त्यांतली परिचित. बेरेटाची ए-३०० ही वायूवरील बंदूक हजाराच्या आसपास पडते. १९६३ साली आलेली रेमिंग्टन ११०० जुन्या बाजारात आजही मिळते आणि तिचा मऊपणा प्रसिद्ध आहे. मात्र जुनी घेताना रबरी कडी आणि स्प्रिंग जाणकाराकडून तपासून घ्यावी. मुलासाठी निवडायची झाल्यास, सर्वांत स्वस्त जडत्वाच्या बंदुकीपेक्षा दोनशे-तीनशे डॉलर अधिक देऊन वायूवरील बंदूक घेणे मला इष्ट वाटते. ती घेण्यापूर्वी हलक्या काडतुसाच्या दोन-तीन खोक्या तिच्यातून न अडखळता उडतात की नाही, हे अवश्य पाहावे. २८ किंवा ३० इंची नळी आणि बदलता येणारे 'चोक' एवढे पुरे. साडेतीन इंची भारी काडतुसांसाठी केलेली बदकांच्या शिकारीची बंदूक किंवा आखूड नळीची लष्करी थाटाची बंदूक या खेळाच्या कामाची नाही, मग ती कितीही स्वस्तात मिळो.

परंतु बंदुकीची किंमत हा खर्चाचा आरंभ आहे. एका फेरीत २५ चकत्या, म्हणजे २५ काडतुसांचे एक खोके. ते साधारण दहा डॉलरला धरले आणि आठवड्याला दोन फेऱ्या धरल्या, तर चाळीस आठवड्यांत आठशे डॉलर होतात. वर्षभरात काडतुसेच बंदुकीची बरोबरी करतात. यात कानांचे, डोळ्यांचे आणि कुलपाचे पैसे मिळवावे लागतात; परवडणारी बंदूक म्हणजे हे सारे मिळून परवडणारी बंदूक.

कानांविषयी थोडे सविस्तर सांगतो. बारा बोअरच्या बाराचा आवाज शिखराला १५० डेसिबलच्याही वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने अशा क्षणिक आवाजाची मर्यादा प्रौढांसाठी १४० आणि मुलांसाठी १२० डेसिबल सुचविली आहे. आतल्या कानातील केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि या बहिरेपणात वेदना नसल्याने मूल तक्रारही करीत नाही. कानात बोळे आणि वर कानटोप, असे दुहेरी संरक्षण पहिल्या बारापासून हवे. रांगेत उभ्या असलेल्यांनाही हवे. डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा अनिवार्य समजावा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून मैदानावर खाणेपिणे नको, परतल्यावर साबणाने हात धुवावेत आणि कपडे बदलावेत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ साली लहान मुलांच्या रक्तातील शिशाची संदर्भमर्यादा प्रति डेसिलिटर ३.५ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली आहे. घरात धाकटे भावंड असेल तर हे अधिकच लक्षात ठेवावे.

सर्वांत गंभीर मुद्दा घरातील कपाटाचा आहे. अमेरिकेत २०२० सालापासून एक ते एकोणीस या वयोगटातील मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण बंदूक हे ठरले आहे. त्यांत अपघात, हत्या आणि आत्महत्या तिन्ही आहेत. किशोरवयीन मुलाच्या मनात आलेला निराशेचा क्षण अनेकदा थोड्या वेळात ओसरतो. तेवढ्यात हाताशी भरलेली बंदूक असणे किंवा नसणे, यावर आयुष्य ठरते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे : बंदूक रिकामी, कुलूपबंद आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. यात मी एक जोड देईन. किल्ली कोठे आहे हे मुलांना ठाऊक नसते, असे आईबापांना वाटते. मुलांना ते ठाऊक असते. घरात कोणी उदास असेल, उपचार घेत असेल, तर बंदूक त्या काळात घराबाहेर ठेवावी. मैदानावर सेमी-ऑटोमॅटिकचा दोष हाच की दुनळीप्रमाणे ती मोडून रिकामी दाखविता येत नाही. म्हणून खटका मागे ओढलेला आणि नळीत रंगीत निशाणी घातलेली, अशीच ती हाती धरण्याची शिस्त लावावी. आरंभी एका वेळी एकच काडतूस भरावे.

कायद्याचेही भान हवे. अमेरिकेत परवानाधारक दुकानदार अठरा वर्षांखालील व्यक्तीस बंदूक विकू शकत नाही. काही राज्यांत मर्यादा याहून कडक आहे. बंदूक पालकांच्याच नावे आणि ताब्यात राहते. आपल्या कुटुंबांना विशेष सांगण्याजोगी गोष्ट ही की एच-वन-बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीस तेथील केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना हे बंधन नाही. तेव्हा खरेदीपूर्वी तेथील वकिलाला विचारावे. शाळेच्या संघाची बंदूक वापरता येईल का, हेही त्यालाच विचारावे. भारतात तर शस्त्र परवान्यासाठी वयाची एकवीस वर्षे लागतात, नेमबाजी शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळे नियम आहेत आणि सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रे अधिक कडक वर्गात मोडतात. म्हणून वरील किमतींचा हिशेब इकडे लागू करू नये.

सारांश, विचारणाऱ्या आजी-आजोबांना मी सांगतो ते असे. पहिला हंगाम मुलाला शाळेच्या किंवा क्लबच्या बंदुकीवर खेळू द्या. आवड टिकली, तर प्रशिक्षकाकडून डोळा आणि माप ठरवून घ्या. मग वायूवर चालणारी, दस्ता बदलता येणारी, हलक्या काडतुसांवर न अडखळणारी साधी बंदूक घ्या. आणि ती घरी येण्याच्या आदल्या दिवशी कुलपाचे कपाट घरी आलेले असू द्या. कपाटासाठी पैसे उरत नसतील, तर ती बंदूक अजून परवडलेली नाही, असे समजावे.