खोक्यावरचा आकडा

फ्युएल पंपाच्या खोक्यावर २५५ छापलेलं असतं. तासाला २५५ लिटर पेट्रोल. गाडीचा मालक, पंचविशीतला मुलगा, खोका घेऊन खुशीत आला होता. गॅरेजवाल्या काकांनी विचारलं, "किती प्रेशरला? किती व्होल्टला?" खोक्यावर ते नव्हतं.

गॅरेज पुण्यातलं. गाडी जुनी होंडा सिटी, १५०० सीसी व्हीटेक. कंपनीतून निघाली तेव्हा हॉर्सपॉवर शंभराच्या जरा वर. आता टर्बो बसलाय, पिस्टन फोर्ज्ड झालेत आणि डोळा ३०० वर आहे. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, पळवायची. पोरं टर्बोवर हात सैल सोडतात आणि पंप उरलेल्या पैशांत बसवतात. मला ही रीतच उलटी वाटते. टर्बो कमी पडला तर गाडी हळू जाते. पंप कमी पडला तर मिश्रण लीन होतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनला भोक पडतं. तेही नेमकं शेवटच्या गिअरमध्ये, पूर्ण लोडवर.

काकांनी वही काढली. टर्बोच्या पेट्रोल इंजिनाला एक हॉर्सपॉवर तासभर द्यायला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागतं. टर्बो नसेल तर २२५च्या आसपास भागतं. पण बूस्टखाली मिश्रण मुद्दाम रिच ठेवावं लागतं, ते जादा पेट्रोल सिलिंडर थंड ठेवतं. ३०० हॉर्सपॉवरला झाले ८१ किलो. त्यात आपल्याकडचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं. तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त लागतं, म्हणून सात-आठ टक्के वर: ८७ किलो. लिटरला पाऊण किलो धरलं तर ११६ लिटर. वीस टक्के हातचे राखून १४०.

"मग २५५ म्हणजे भरपूर झालं की, काका!"

"थांब जरा."

इंजेक्टरचं तोंड मॅनिफोल्डमध्ये उघडतं. एरवी इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमध्ये ३ बार दाब पुरतो. पण टर्बोनं मॅनिफोल्डमध्ये १.२ बार हवा कोंबली, की पेट्रोललाही तेवढा दाब वाढवून द्यावा लागतो, नाहीतर फवारा कमी पडतो. रेग्युलेटर ते काम आपोआप करतो. भार मात्र पंपावर येतो. म्हणजे पंपाला ४.२ बारच्या विरुद्ध पेट्रोल ढकलायचंय, आणि दाब चढला की प्रवाह घटतो. छापलेला आकडा बहुधा याहून कमी दाबाचा असतो, आणि व्होल्टेज साडेतेरा धरलेलं. काही विक्रेते तर दाबच नसतानाचा आकडा सांगतात. तो ऐकायला छान, उपयोगाला शून्य.

म्हणून मोजायचं. नवा पंप टाकीत उतरवला. शटर पूर्ण वर, अग्निशामक हाताशी, मोबाइल बाहेर. इंजिन बंद, बॅटरीला लांबून चार्जर. रेग्युलेटरपासून टाकीकडे परतणारा पाइप सोडवून मापाच्या कॅनमध्ये सोडला, आणि रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीला कॉम्प्रेसरची १.२ बार हवा दिली. आता पंपाला वाटणार, गाडी पूर्ण बूस्टवर आहे. भिंतीवरच्या घड्याळात तीस सेकंद. कॅनमध्ये १.१ लिटर, म्हणजे तासाला १३२. मुलाचा चेहरा उतरला.

काकांनी पंपाला दोष दिला नाही, मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १३.४ व्होल्ट, पंपाच्या कनेक्टरवर ११.६. कंपनीची बारीक वायर मूळ छोट्या पंपापुरती होती. नवा पंप जास्त करंट खेचतो आणि व्होल्टेज वाटेतच गळतं. मग बॅटरीपासून थेट जाड वायर, फ्यूज, वेगळा रिले. अर्थिंगच्या जागी रंग घासून पत्रा उघडा केला. पुन्हा तीस सेकंद. कनेक्टरवर १३.१ व्होल्ट, कॅनमध्ये दीड लिटर. तासाला १८०. पंप तोच.

मग टाकी. वजन वाचवायला शर्यतीत पेट्रोल अगदी कमी ठेवतात. गाडी सुटली की ते सगळं मागच्या भिंतीवर चढतं आणि पंपाचं तोंड उघडं पडून हवा ओढतं. दहा लिटर कमी भरून साडेसात किलो वाचतात. त्यासाठी इंजिन पणाला लावणं मला तरी पटत नाही. निदान टाकीत आडव्या पट्ट्या घालून पेट्रोल पंपाभोवती अडवावं. अमेरिकेतल्या टॉप फ्युएल ड्रॅग गाड्यांत इंधन पुरवण्याचा प्रश्न वेगळ्याच पायरीवर जातो. त्यांच्या इंधनातल्या नायट्रोमिथेनला हवा वजनाने जेमतेम पावणेदोन पट लागते, पेट्रोलला साडेचौदा पटींच्या वर; म्हणून तिथे इंधन मिनिटाला शेकडो लिटर पाठवावं लागतं. ते विजेच्या पंपाचं काम नाही. पंप इंजिनच फिरवतं आणि टाकी गाडीच्या पुढच्या टोकाला असते.

"मग सरळ ४५०चाच घेतला असता तर?" मुलानं विचारलंच. घेता येतो. पण आयडलला इंजिन पेट्रोल पितं थोडं, बाकी सगळं परतीच्या पाइपमधून जायचं. तो मूळचा बारीक पाइप तेवढं वाहून नेत नाही, दाब तुंबतो आणि ट्यूनिंग बिघडतं. शिवाय तेच पेट्रोल फिरून फिरून तापतं. मोठा पंप घ्यायचा तर परतीचा पाइप आणि रेग्युलेटरही मोठा हवा. आणि नावाजलेल्या पंपांच्या नकला बाजारात इतक्या आहेत, की कॅनमध्ये मोजल्याशिवाय कुठलाच पंप बसवू नये.

शेवटी डायनोवर चौथ्या गिअरमध्ये ओढून लॉग काढला. काका हॉर्सपॉवरकडे बघेनात. रेलचा दाब आणि बूस्ट यांतला फरक बघत राहिले. तो तीनवर हवा. रेडलाइनपर्यंत २.९च्या खाली गेला नाही.

"काका, मग बूस्ट दीड करूया?"

"कर. आधी साडेचार बारला कॅन भर."